द्राक्षाचं वाण नंतर, आधी शिवार बघा

इगतपुरीत वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत साधारण 70 किलोमीटरवर निफाड आहे, तिथे तो 500 च्या आसपास येतो. नाशिक आणि दिंडोरी या दोन टोकांच्या मधे, 700 च्या घरात. या सगळ्या पट्ट्यात वाइनची द्राक्षं उभी आहेत आणि बाटलीवर बहुतेक ठिकाणी एकच शब्द असतो, 'नाशिक'. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालं हे उत्तमच झालं. पण एवढ्या मुलुखाला एकच नाव देणं म्हणजे देवगड आणि रत्नागिरी एकाच पेटीत भरून 'कोकणचा हापूस' म्हणून विकणं. खाणाऱ्याला फरक कळतो, पेटीवर मात्र तो कुठे लिहिलेला नसतो.

जागेचा वाइनवर परिणाम होतो हे सगळेच म्हणतात. कसा होतो, हे विचारलं की बहुतेक उत्तरं युरोपातून उसनी आणलेली असतात. जर्मनीत मोझेल नदीच्या खड्या उतारांवर, 50 अंश उत्तर अक्षांशाजवळ, रिसलिंग हे पांढरं वाण लावतात तेव्हा जागेकडून त्यांना मुख्यतः ऊब हवी असते. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार, ऊन धरून ठेवणारा पाटीचा दगड, खालून परावर्तित होणारा उजेड. तिथे वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात आपली आपण फुटते आणि शरदात पिकते. शेतकऱ्याच्या हातात कॅलेंडर नसतं.

आपल्याकडे उलट आहे. नाशिक 20 अंशांवर, इथे वेल झोपतच नाही. एप्रिलच्या सुमारास नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, असं दोनदा कापून आपण तिला वळणावर आणतो आणि फळ एकदाच घेतो. द्राक्ष कोणत्या महिन्यात पिकणार ते छाटणीची कात्री ठरवते, आणि कात्री कधी लावता येईल ते शिवार ठरवतं. इथे जागा सगळ्यात आधी तारखेच्या रूपाने काम करते, माती आणि उंची त्यानंतर. निदान माझं मत तरी असं आहे.

तारखेचं गणित

फळछाटणीपासून काढणीपर्यंत सॉव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाणाला साधारण 125 ते 135 दिवस लागतात, लाल वाणांपैकी शिराझला 140 ते 150, कॅबर्ने सॉव्हिन्योंला 150 ते 160. खुंट (ज्या मुळावर वाणाचं कलम बांधतात तो), पीक आणि थंडी यांप्रमाणे आठवडाभर इकडेतिकडे होतं. आता हिशोब मांडा. 15 सप्टेंबरला छाटलेली सॉव्हिन्यों ब्लां 130 दिवसांनी, म्हणजे 23 जानेवारीला निघते. 20 सप्टेंबरला छाटलेली कॅबर्ने 155 दिवसांनी 22 फेब्रुवारीला. तीच कॅबर्ने 10 ऑक्टोबरला छाटली तर 14 मार्च उजाडतो.

कागदावर हा वीस दिवसांचा फरक. नाशिकच्या हवेत तो मोठा आहे. जानेवारीत दुपार 28-30 अंशांची आणि पहाट 10-12 ची असते. मार्चच्या मध्यावर दुपार 35 च्या पुढे जाते आणि पहाट 15-16 वर येते. पिकण्याचे शेवटचे तीन आठवडे यातल्या कोणत्या हवेत गेले, त्यावर वाइनचा आंबटपणा, रंग आणि वास यांचं बरंचसं ठरून जातं.

मग सगळ्यांनी 1 सप्टेंबरलाच का छाटू नये? पावसामुळे. छाटणीनंतर नऊ ते बारा दिवसांत डोळे फुटतात, चाळिसाव्या दिवसाच्या आसपास फुलोरा येतो. डोळे फुटल्यापासून मणी सेट होईपर्यंतचा दीड महिना वेल सगळ्यात नाजूक असते. कोवळी पानं आणि घड यांवर पाऊस बसला की डावण्या हा बुरशीरोग येतो. फुलोऱ्यात बसला तर गळ आणि कूज होते. ऑक्टोबर 2019 मध्ये परतीचा पाऊस हटता हटेना तेव्हा नाशिक जिल्ह्यात आगाप, म्हणजे लवकर, छाटलेल्या बागांचं जे झालं ते बागायतदारांना आठवत असेल. त्या बागा औषधाला कमी पडल्या नव्हत्या. फवारणीला ट्रॅक्टरच आत जात नव्हता, आणि गेला तर मारलेलं औषध तासाभरात धुतलं जात होतं.

म्हणून कमी पावसाच्या शिवाराला तारखेचं स्वातंत्र्य जास्त. खाण्याच्या द्राक्षात हे आपण कधीचं ओळखलंय. बागलाण, देवळा भागात जुलै-ऑगस्टमध्ये छाटतात आणि ख्रिसमसच्या आधी माल काढतात. तिथलं पाऊसमानच कमी, म्हणून ती आगाप परवडते. हेच तत्त्व वाइनला लावलं तर निफाड-चांदवडच्या बाजूला सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटून थंडीत पिकवायची सोय आहे. इगतपुरीच्या बाजूला सप्टेंबर संपेपर्यंत आभाळावर भरवसा नाही, म्हणून छाटणी पुढे सरकते आणि लाल वाणं मार्चच्या उन्हात सापडतात. घाटाजवळ मार्चमध्येही संध्याकाळी पश्चिमेचा वारा शिरतो, दुपार थोडी सौम्य असते. त्यामुळे नुकसान सगळं होत नाही, पण फुकटात भरूनही निघत नाही.

घाटाकडच्या बागेला आणखी एक तारीख चुकवून चालत नाही, आणि ती फारसं कुणी सांगत नाही. पुढच्या हंगामाचा घड एप्रिल छाटणीनंतर साधारण 40 ते 70 दिवसांत काडीच्या डोळ्यात तयार होतो. त्या काळात काडीवर थेट ऊन पडायला हवं. 1 एप्रिलला छाटलं तर हा काळ 11 मे ते 10 जून, लख्ख उन्हाचा. 25 एप्रिलला छाटलं तर 4 जून ते 4 जुलै, आणि घाटमाथ्यावर तोवर ढग मुक्कामाला आलेले असतात. ढगाळ हवेत डोळ्यात घडाऐवजी बाळी, म्हणजे वेल आधाराला गुंडाळते तो तंतू, तयार होते. ऑक्टोबरमध्ये फूट चांगली दिसते, पण घड मोजायला गेलं की काडीमागे एखादाच, तोही बारीक, आणि त्यातले काही जिरतात. बागायतदार खताला किंवा डोळे फोडायच्या पेस्टला दोष देतो. दोष एप्रिलच्या तारखेचा असतो. पूर्वेकडे हीच उशिराची तारीख बऱ्याच वेळा खपून जाते. घाटालगत मार्चअखेरीस खरड छाटणी आटोपणं, फुटी विरळ करणं आणि काड्या उन्हात मोकळ्या ठेवणं याला पर्याय नाही.

रात्र कुठे साठते

उंचीबद्दल फार बोललं जातं. 100 मीटर वर गेलं की हवा साधारण 0.6 अंशाने थंड होते. नाशिकच्या बहुतेक वाइनच्या बागा 500 ते 700 मीटरच्या दरम्यान आहेत, म्हणजे सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या बागेत उंचीमुळे पडणारा फरक एक-सव्वा अंशाचा. माहितीपत्रकावर 'उंचावरची बाग' वाचायला छान वाटतं, पण नाशिकपुरतं बोलायचं तर त्यात फार दम नाही. बंगळूरजवळच्या नंदी हिल्स भागात गोष्ट वेगळी. तिथे बागा 900 मीटरच्या आसपास आहेत आणि अक्षांश 13, त्यामुळे उंचीच त्यांना तारते. वर त्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पावसाचाही सामना करावा लागतो, जो आपल्याकडे तसा नाही.

नाशिकमध्ये उंचीपेक्षा भारी पडतो तो रात्रीच्या थंड हवेचा उतार. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन निवते, तिला चिकटलेली हवा निवते, जड होते आणि पाण्यासारखी सखल भागाकडे वाहते. गोदावरी-कादवेच्या खोऱ्यात ती साठते. डिसेंबर-जानेवारीत राज्यातलं नीचांकी तापमान निफाडचं म्हणून बातमी येते ती यामुळेच. पारा 5 अंशांच्या खाली जाणं तिथे नवीन नाही. निफाड नाशिकपेक्षा उंच नाही, उलट किंचित खाली आहे. एकाच शेतात वरच्या बांधाला आणि ओढ्याकाठी पहाटे दोन-चार अंशांचा फरक पडू शकतो.

याचा वाइनला फायदा की तोटा? दोन्ही. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागल्यावर, मॅलिक आम्ल श्वसनात जळायला लागतं, आणि ऊन वाढेल तसं ते झपाट्याने जळतं. टार्टारिक आम्ल त्या मानाने टिकतं. थंड रात्रींमुळे ही जळण मंदावते, म्हणून सॉव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या पांढऱ्या वाणांच्या रसात आंबटपणा शिल्लक राहतो. लाल वाइनच्या काळ्या वाणांत सालीतला रंगही थंड रात्रीत चांगला चढतो. सालीचं तापमान 35 अंशांच्या वर राहू लागलं की रंग तयार होण्याचं काम रखडतं. पण पारा 8-10 च्या खाली जाऊन बसला की वेलीचं कामच थांबतं. साखर भरायची थांबते, फुगवण थांबते, काढणी आठ-दहा दिवस पुढे जाते आणि थंडीत पिकवायचा बेत आपसूक फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ढकलला जातो. हिरव्या खाण्याच्या द्राक्षात हाच थंडीचा झटका मणी गुलाबी करतो, म्हणजे पिंक बेरी. सखल भागात जागा असेल तर पांढऱ्या वाणाची छाटणी आठवडाभर आधी धरायची आणि अगदी तळाची पट्टी सोडून द्यायची. तिथे सकाळी अकरापर्यंत दव वाळत नाही आणि बुरशीचे रोग हटत नाहीत.

नवी जागा बघायला जायचं तर त्यासाठी उत्तम वेळ नोव्हेंबरची सकाळ. नऊ वाजता शेतात उभं राहा. शेजारच्या पिकाच्या पानांवर दव कुठे सुकलंय, कुठे अजून थेंब आहेत, धुकं कोणत्या अंगाला रेंगाळतंय, हे डोळ्यांनी दिसतं. उन्हाळ्यातल्या दुपारी सगळी जमीन सारखीच दिसते आणि दलालही नेमका तेव्हाच दाखवायला नेतो.

खड्डा काढल्याशिवाय सौदा नको

आता माती. आधी एक गैरसमज बाजूला सारू. 'काळ्या पाषाणातून उतरलेली चव' असं काही नसतं. बेसॉल्टची चव मुळातून मण्यात आणि मण्यातून पेल्यात चढत नाही. माती वाइन घडवते ती पाण्याच्या वाटेने. वेलीला पाणी किती, किती दिवस आणि कधी कमी पडलं, यावर मण्याचा आकार, फांदीची वाढ आणि पानांची सावली ठरते. त्यातून पुढचं सगळं.

दख्खनच्या पठाराच्या या भागात सगळीकडे मूळ खडक एकच, बेसॉल्ट. पण तो झिजून टेकडीच्या माथ्यावर मुरूम होतो, मधल्या उतारावर फूट-दीड फूट माती आणि खाली मुरूम असा थर राहतो, आणि तळाला वाहून आलेली काळी कसदार जमीन साठते, काही ठिकाणी दहा फुटांपर्यंत. ऊस-कांद्याला जी जमीन सोनं, ती वाइनला बऱ्याचदा त्रास. भारी काळ्या जमिनीत पाणी धरून ठेवणारी चिकण इतकी असते की ठिबक बंद केलं तरी वेलीला आठ-पंधरा दिवस पत्ता लागत नाही. मण्यात पाणी उतरलं तरी शेंडा चालूच, बगलफुटी निघतच असतात. घड सावलीत राहतात, मणी मोठे आणि पातळ सालीचे होतात, ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, 20-21 वर अडकून बसतो. अशा कॅबर्नेच्या वाइनला ढोबळी मिरचीचा कच्चा वास येतो. तो वास देणारी पायराझिन गटातली द्रव्यं उन्हात कमी होतात, सावलीत टिकून राहतात. शिवाय भारी जमिनीत पालाश (पोटॅशियम) भरपूर असतं. ते रसात उतरून टार्टारिक आम्लाला धरून खाली बसतं आणि सामू (पीएच) वाढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो.

म्हणून जमीन घेण्याआधी किंवा वाण ठरवण्याआधी खड्डे. एक नाही, निदान तीन: उताराच्या माथ्याला, मध्यावर, पायथ्याला. तीन फूट लांब-रुंद आणि साडेचार-पाच फूट खोल, जेसीबीला अर्ध्या तासाचं काम. आत उतरून बघायचं ते असं. माती किती फुटांवर संपते आणि मुरूम कसा आहे, पहारीने फुटणारा भुसभुशीत की अखंड कातळ? भुसभुशीत मुरमात मुळं शिरतात, कातळावर ती आडवी पसरतात आणि मार्चमध्ये वेल एका दिवसात मान टाकते. जुन्या पिकाची मुळं कुठवर गेली आहेत? मधे घट्ट चिकण थर आहे का? राखाडी, निळसर डाग आणि कुजका वास असेल तर तिथे पावसाळ्यात पाणी तुंबतं. पांढऱ्या चुनखडीचे खडे दिसत असतील तर फरशी धुण्याचं अ‍ॅसिड दोन थेंब टाका. जोरात फसफसलं तर नमुना प्रयोगशाळेत द्यायलाच हवा. मुक्त चुनखडी 10 टक्क्यांच्या पुढे असेल तर लोहाची कमतरता पाठ सोडणार नाही, पानं पिवळी पडतील आणि दरवर्षी फेरसच्या फवारण्या कराव्या लागतील.

मग खड्डा पाण्याने भरा आणि जिरू द्या. दुसऱ्यांदा फूटभर पाणी भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच उभं असेल तर त्या तुकड्याला चर काढल्याशिवाय वेल लावू नका. तासा-दोन तासांत गायब होत असेल तर जमीन फार हलकी आहे, ठिबकचं पाणी थोडं थोडं पण रोज द्यावं लागेल. विहिरीच्या पाण्याचा क्षार तपासणीत मीटरला 1 डेसिसायमनच्या खाली असला तर ठीक. खालच्या शिवारात जुन्या बागायतीमुळे तो बऱ्याच वेळा जास्त निघतो.

खड्ड्यात जे दिसलं त्यावर खुंट ठरतो. डॉगरिज खाण्याच्या द्राक्षात घरोघरी पोचला, कारण तो क्षार आणि पाण्याचा ताण सोसतो आणि वेल जोमाने वाढवतो. वाइनच्या बागेत भारी जमिनीवर हाच जोम अंगाशी येतो. 110 आर हा खुंट जोम आवरतो आणि ताणही सोसतो, म्हणून वाइनच्या वाणांना तो बरा. अगदी हलक्या मुरमावर मात्र जोमदार खुंट चालून जातो, कारण तिथे जमीनच वेलीला आवर घालते. अंतराचंही तसंच. मध्यम जमिनीत 8 बाय 4 फूट, म्हणजे एकरी साधारण 1360 वेली. जास्त भारी जमिनीत वेली जवळ लावून स्पर्धा वाढवू, असं काहीजण म्हणतात. काळ्या जमिनीत पाणी एवढं असतं की स्पर्धा होतच नाही, नुसती गर्दी होते.

मुरमाड जमिनीवर गाळ किंवा पोयटा आणून टाकायची आपल्याकडे रीत आहे. खाण्याच्या द्राक्षाला ती ठीक. चांगल्या लाल वाइनसाठी जागा घेऊन मग तिच्यावर तीन फूट पोयटा पसरणं म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेला गुण पुरून टाकणं.

जमीन बरोबर चाललीय का, हे बागेत उभं राहून ओळखायची सोपी खूण आहे. मण्यात पाणी उतरायला लागलं की शेंड्याकडे बघा. वरच्या बाळ्या शेंड्याच्या पुढे लांब वाढलेल्या असतील तर वेल अजून वाढीच्या नादात आहे. पाणी कमी करा. बाळ्या शेंड्याच्या मागे आणि वाळून गळणाऱ्या असतील, शेंडा थांबलेला असेल, पण खालची पानं हिरवी असतील, तर हवं तेवढा ताण बसलाय. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली तर ताण जास्त झाला, साखर भरणारं यंत्रच बंद पडतंय. मुरमाड उतारावर ही मधली अवस्था ठिबकच्या नळाने साधता येते. काळ्या जमिनीत नळ तुमच्या हातात असला तरी पाणी तुमच्या हातात नसतं.

उतार आणि ओळींची दिशा यांवर थोडक्यात. आपल्याकडे ऊन मिळवायचं नसून दुपारचं ऊन चुकवायचं असतं. पश्चिमेकडे तोंड असलेला उतार सगळ्यात वाईट, पूर्वेकडचा सगळ्यात बरा: सकाळी दव लवकर सुकतं, दुपारी भाजणी कमी. ओळी उत्तर-दक्षिण किंवा किंचित ईशान्य-नैऋत्य कलत्या ठेवल्या की हंगामात दुपारचा सूर्य ओळीच्या रेषेत येतो आणि घडांवर आडवा पडत नाही. पानं काढायची ती पूर्वेच्या बाजूची. पश्चिमेची काढली की मार्चमध्ये मणी भाजून तपकिरी होतात, आणि त्या मण्यांची कडवट चव वाइनमध्ये उतरते. धरणाकाठच्या बागांबद्दल एवढंच म्हणेन की पाण्यावरून येणारा वारा लगतच्या काही ओळींना नक्की सुखावतो, पण त्या देखाव्याचा मोठा फायदा पर्यटकाला होतो.

आणि एक जागा नकाशावर दिसत नाही: बाग ते वाइनरी हे अंतर. फेब्रुवारीत पहाटे पाचला तोडलेला घड 12-14 अंशांचा असतो, दहा वाजता तोडलेला 25 च्या पुढे. 15-20 किलोच्या क्रेटमध्ये खालचे मणी दबून रस सुटतो आणि गरम रसावर जंगली यीस्ट लगेच काम सुरू करतं. दोन तास उन्हात उभ्या राहिलेल्या टेम्पोतून उतरलेल्या सॉव्हिन्यों ब्लांचा वास कितीही चांगल्या शिवाराचा असला तरी निम्मा गेलेला असतो. पांढऱ्या वाणांसाठी तासाभराच्या आतली बाग, हा नियम मी मातीच्या प्रतीच्याही वर ठेवेन.

जागा चुकली की वाइनरीत काय होतं

सगळ्यात जास्त भेटणारा प्रकार म्हणजे मार्चमध्ये सापडलेली लाल द्राक्षं. उन्हाचा तडाखा बसला की दोन-तीन दिवसांत एक ब्रिक्स वाढतो, त्यातला बराचसा मणी सुकल्यामुळे. आकडा 25 दाखवतो, पण मणी चावून बघितला तर बी अजून हिरवी आणि तुरट. थांबावं तर आंबटपणा जातो, तोडावं तर टॅनिन कच्चं. तयार होते ती 14 टक्क्यांच्या पुढची, तोंडात गरम लागणारी आणि तरीही हिरवट वाइन. रसाचा सामू 3.8 झालेला असतो. लिटरला 1 ग्रॅम टार्टारिक आम्ल घातलं की तो साधारण 0.1 ने उतरतो, म्हणजे 3.5 वर आणायला लिटरमागे 3 ग्रॅम. तेही आंबवण्याच्या आधी घालायचं, नंतर घातलं की ते वेगळं उठून जिभेला टोचतं. सामू तसाच सोडला तर सल्फरचा, म्हणजे वाइन टिकवायला घालतात त्या सल्फर डायऑक्साइडचा, खर्च वाढतो: 3.4 ला जंतूंपासून जेवढं संरक्षण मुक्त सल्फरच्या 32 पीपीएमला मिळतं, तेवढ्यासाठी 3.8 ला 79 लागतात. एवढं घालणं परवडत नाही, म्हणून कमी घालतात, आणि वर्षभरात बाटलीत घोड्याच्या खोगिराचा वास येऊ लागतो.

म्हणून उशिरा छाटावी लागणाऱ्या शिवारात कॅबर्नेचा हट्ट सोडावा. तिथे लवकर येणारी वाणं लावावीत, किंवा स्पार्कलिंगची, म्हणजे फेसाळ वाइनची, द्राक्षं. स्पार्कलिंगला 17-18 ब्रिक्सलाच तोडणी करतात, आम्ल लिटरला 8-9 ग्रॅम असताना, म्हणजे तीन आठवडे आधी सुटका. शांदों या फ्रेंच मालकीच्या कंपनीने दिंडोरीत वाइनरी उघडली ती स्पार्कलिंगसाठी, आणि मला तो निर्णय नाशिकची हवा नीट वाचून घेतलेला वाटतो. शिराझला मधली, मुरमाड, पूर्व उताराची जागा द्यावी. तिच्यातला काळ्या मिरीचा वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा, आणि तो थंड जागेत, थंड वर्षात जास्त येतो. उष्ण जागेतल्या शिराझला मिरीऐवजी मनुका आणि जॅमचा वास येतो. पिणाऱ्याला तोही आवडू शकतो, पण मग त्या बाटलीवर 'पेपरी' छापू नये. शेनिन ब्लां सगळ्यात सोशिक, भारी जमिनीतही एकरी 8 टन देऊन पिण्याजोगी राहते. चांगल्या लाल वाइनसाठी एकरी 3-4 टनांच्या वर जायला भारी जमीन मोह घालते, आणि टनावर भाव मिळत असेल तर बागायतदाराने तो मोह का आवरावा, हा प्रश्न रास्तच आहे. वाइनरीने करार एकरावर केला, टनावर नाही, तरच तो सुटतो.

विकत घेताना जागा ओळखायची तर सध्या लेबलवर फार काही हाती लागत नाही. मागच्या बाजूला बाटली भरल्याचा पत्ता असतो, तो वाइनरीचा, बागेचा नव्हे, आणि द्राक्षं साठ किलोमीटरवरून आलेली असू शकतात. त्यामुळे टेस्टिंग रूममध्ये तीन गोष्टी विचाराव्यात: द्राक्षं कोणत्या गावची, फळछाटणी कधी झाली, तोडणी कधी झाली. गाव सगळेच सांगतात. छाटणीची तारीख ज्याला तोंडपाठ आहे, त्याच्याकडची बाटली आधी उघडावी. मग एकाच वाइनरीची, एकाच वर्षाची, पण दोन वेगळ्या शिवारांतली सॉव्हिन्यों ब्लां मिळाली तर दोन्ही 10 अंशांवर थंड करून शेजारी ठेवा. लवकर तोडलेली, थंड रात्रींची असेल तिला हिरवी मिरची, लिंबाची साल आणि गवताचा वास येईल, आणि गिळल्यावर तोंडाला पाणी सुटत राहील. उन्हात पिकलेली असेल तिला पिकल्या पेरूचा, अननसाचा, आणि शेवटी घशात किंचित ऊब. पंधरा मिनिटांनी पेले थोडे गरम झाले की पुन्हा हुंगा. थंडपणा आंबटपणाची उणीव झाकतो, तो उतरला की उन्हातली बाटली सपाट लागायला लागते.